ऑपरेशनच्या तारखेआधीचं जेवण

फुफ्फुसाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं की घरची मंडळी डॉक्टरांना तीन गोष्टी हमखास विचारतात. खर्च किती, जिवाला धोका किती आणि तारीख कधीची. गेल्या सहा महिन्यांत रुग्णाचं वजन किती उतरलं, हे त्यांना सहसा कुणी विचारत नाही आणि तेही आपणहून सांगत नाहीत. विचारलंच तर भंडारा-गोंदियाकडचा माणूस म्हणतो, "कॅन्सर म्हटल्यावर वाळनारच ना जी." प्रश्न तिथेच मिटतो.

ही पुस्तिका तो प्रश्न पुन्हा काढते. रुग्ण वाळतो त्यात रोगाचा वाटा मोठा आहे, हे खरंच. पण साध्या उपासमारीचा वाटाही लहान नसतो. खोकल्यापायी टाकलेलं जेवण, तपासण्यांपायी चुकलेलं जेवण, पथ्याच्या नावाखाली काढून घेतलेली अंडी आणि दूध, हे सगळं त्यात येतं. हा दुसरा वाटा बऱ्याच अंशी भरून काढता येतो आणि त्याला वेळही मिळतो. निदान झाल्यापासून टेबलावर जाईपर्यंत मधे दोन-चार आठवडे जातातच. आधी केमोथेरपी द्यायची ठरली तर दोन-तीन महिने. हे दिवस कागदपत्रांत, स्कॅनच्या रांगेत आणि काळजीत निघून जातात. ते उपचाराचे दिवस म्हणून मोजावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. त्या दिवसांतला उपचार ताटात असतो.

नागपूर हे मोठ्या टापूचं दवाखान्याचं गाव आहे. तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, शिवाय धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालयं. इथे गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाट तर आहेच, पण छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, बैतूल आणि राजनांदगावचाही माणूस येतो. कर्करोग म्हटला की या भागात आधी तोंडाचा आठवतो, कारण तंबाखू-सुपारीचा खर्रा. फुफ्फुसाचा रुग्ण त्या गर्दीत थोडा मागे उभा असतो. तो बहुधा बिडी ओढणारा असतो. तेंदूपत्ता गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातून येतो, बिड्या भंडारा-गोंदियाकडच्या घराघरांत वळल्या जातात आणि ओढणाराही तिथलाच. त्याच्या शेजारी कधीच बिडी न ओढलेली बाईही बसलेली असते. तिची छाती चुलीच्या धुरात भरलेली असते आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्यात जेवायची तिची सवय रोगाच्या कितीतरी आधीची असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे एक पंचमांश स्त्रियांचा बीएमआय १८.५ च्या खाली होता. म्हणजे रोग यायच्या आधीच शरीरात शिल्लक कमी.

आपल्याकडे या रोगाचे बहुतेक रुग्ण उशिरा, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडतात. ऑपरेशन करण्याजोगे त्यांतले थोडेच. ज्याची गाठ काढता येईल अशा त्या थोड्यांपैकी कुणी केवळ अंगात ताकद नाही म्हणून माघारी गेला, किंवा ऑपरेशन नीट होऊनही न्यूमोनियाने गेला, तर ते नुकसान टाळता येण्याजोगं होतं. म्हणून पुस्तिकेचा विषय इतका अरुंद ठेवला आहे.

या कहाणीत क्षयरोग येतो आणि तो बराच वेळ मुक्काम करतो. जुना खोकला, संध्याकाळची कणकण, थुंकीत रक्त, एक्स-रेवर डाग आणि उतरलेलं वजन. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या डॉक्टरच्या मनात यावरून पहिलं नाव टीबीचंच येईल आणि ते योग्यही आहे, कारण दहापैकी बहुतेक वेळा तो टीबीच असतो. पण काहींच्या बाबतीत नसतो. थुंकीत जंतू सापडलेले नसताना केवळ फोटोवरून गोळ्या सुरू होतात, दोन महिने फरक पडत नाही, मग आणखी दोन महिने वाट पाहिली जाते. सीटी स्कॅन आणि बायोप्सीपर्यंत पोहोचेतो अंगावरचं मांस गेलेलं असतं. या काळात उतरणाऱ्या वजनाचं कुणाला नवल वाटत नाही, कारण टीबीतही माणूस उतरतो.

तरी या आडवळणातून एक उपयोगाची वस्तू हाती लागते. टीबीच्या गोळ्यांचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे उपचाराच्या कार्डावर सुरुवातीचं वजन लिहिलेलं असतं. खेड्यातल्या पन्नाशीच्या माणसाचं तारखेसह लिहिलेलं वजन अन्यत्र कुठेच मिळत नाही. पिशवीत चुरगळलेलं ते कार्ड शोधून काढलं की सहा महिन्यांपूर्वी ५२ किलो आणि आज ४४ हा हिशेब समोर येतो. कार्ड नसेल तर शरीरावरच्या खुणा पाहायच्या. करदोडा. कंबरेला घट्ट बसणारा करदोडा आता ढुंगणावरून खाली घसरतो, म्हणून त्याला गाठ मारून आखूड केलेला असतो. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक असतं. बाईच्या ब्लाउजला आतून टाका घातलेला असतो, बांगड्या कोपरापर्यंत जातात. "कधीपासून?" असं विचारलं की घरच्यांना महिना बरोबर आठवतो, दिवाळीत की पोळ्याला. इतका साधा तपास. त्याला मशीन लागत नाही, दोन मिनिटं लागतात आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच नसतात.

आता, कुठल्याही मोठ्या ऑपरेशनला अशक्त माणूस वाईटच. मग फुफ्फुसाच्या ऑपरेशनचं वेगळं काय?

वेगळं आहे खोकणं. उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. गाठ असेल तो खंड काढायचा, क्वचित पूर्ण फुफ्फुस. छाती उघडून करा की दुर्बिणीतून, ऑपरेशननंतरचे पहिले चार-पाच दिवस सगळा खेळ कफ बाहेर काढण्याचा असतो. आयुष्यभर बिडी ओढलेल्या माणसाच्या श्वासनळ्यांत कफ भरपूर. तो खोकून काढायचा तर आधी खोल श्वास आत ओढावा लागतो, मग स्वरयंत्र बंद करून पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू एकदम आवळावे लागतात. त्या खोकल्याला स्नायूंचं बळ लागतं. उपासात शरीर स्नायू जाळून भागवतं आणि श्वासाचे स्नायू त्यातून वगळले जात नाहीत. १९८२ साली शवविच्छेदनातून मोजमापं घेऊन केलेल्या एका अभ्यासात वजन उतरलेल्यांचं श्वासपटलही रोडावलेलं दिसलं होतं. दंड आणि मांडी बारीक झालेली आपल्याला दिसते. श्वासपटल दिसत नाही, इतकंच.

वॉर्डात हे जवळून पाहता येतं. तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं खेळणं, ज्याला सगळे 'स्पायरो' म्हणतात, ते रुग्णाच्या हातात असतं. धडधाकट माणूस ओढतो तेव्हा तिन्ही गोळ्या वर जाऊन क्षणभर टिकतात. खंगलेला माणूस ओढतो तेव्हा पहिली गोळी थरथरते, निम्म्यावर जाते आणि पडते. बायको म्हणते, "जोर लावा ना!" तो लावतो. जोर शिल्लकच नसतो. दुसऱ्या दिवशी तळाचा भाग आकसतो, तिसऱ्या दिवशी ताप येतो आणि एक्स-रेवर न्यूमोनियाची सावली दिसते. पलंगाखाली छातीतल्या नळीला जोडलेली पाण्याची बाटली असते. फुफ्फुसाच्या कापलेल्या कडेतून हवा गळत असेल तोवर तीत बुडबुडे येतात. ती कड जुळायला प्रथिनं लागतात. जिथे दोन-तीन दिवसांत बुडबुडे थांबावेत तिथे आठवडा जातो, नळी तशीच राहते, दुखतं म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून भूक लागत नाही. सर्वांत वाईट म्हणजे श्वासनळीचा शिवलेला बुंधा न जुळणं. तसं झालं तर हवा आणि संसर्ग थेट छातीच्या पोकळीत जातात आणि तिथून पुढची लढाई महिन्यांची असते.

वजन आणि ऑपरेशन यांचा हा संबंध नवा शोध नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडचे सर्जन हायरम स्टडली यांनी जठरव्रणाच्या रुग्णांचा हिशेब मांडला होता. ऑपरेशनआधी २० टक्क्यांहून अधिक वजन गमावलेल्यांपैकी एक तृतीयांश दगावले, इतरांमध्ये हे प्रमाण ३.५ टक्के होतं. आपल्याकडे तर छातीच्या शल्यचिकित्सेची मुळंच सॅनेटोरियममध्ये आहेत. पाचगणीचं बेल-एअर घ्या, मिरजेजवळचं वानलेसवाडीचं घ्या. त्या जमान्यात टीबीवर औषध नव्हतं तेव्हा दूध, अंडी, विश्रांती आणि मोकळी हवा हाच उपचार होता. वजन वाढलं की डॉक्टर खूश. बरगड्या काढून फुफ्फुस दाबण्याचं ऑपरेशन करायचं तर त्याआधी रुग्णाला महिनोन्‌महिने खाऊ घालत.

मग स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड आलं. १९५६ मध्ये मद्रासला एक प्रसिद्ध अभ्यास सुरू झाला. निम्म्या रुग्णांना सॅनेटोरियमचं सकस जेवण आणि विश्रांती, निम्म्यांना झोपडपट्टीतल्या आपल्याच घरी ठेवून तीच औषधं. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरी राहिलेलेही तितकेच बरे झाले. गरीब देशांसाठी ही फार मोठी सुटका होती, लाखो लोकांना खाटेवाचून उपचार मिळू लागले. पण त्याच झटक्यात आहार हा विषय औषधोपचाराच्या बाहेर फेकला गेला. 'चांगलं खा-प्या' हे डॉक्टरांचं वाक्य चिठ्ठीच्या तळाशी गेलं आणि तिथेच राहिलं. मला वाटतं, छातीच्या रोगांकडे पाहणाऱ्या आपल्या दोन पिढ्यांच्या डॉक्टरांवर याची छाप आहे. टीबीबाबतचं ते माप नकळत कर्करोगालाही लावलं गेलं.

टीबीवाल्यांनी मात्र चूक दुरुस्त करायला घेतली आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या 'रेशन्स' अभ्यासात २,८०० रुग्णांना औषधांबरोबर महिन्याला दहा किलोचं अन्नाचं पुडकं दिलं गेलं. त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल होतं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी आढळला. घरातल्या इतरांना अन्न दिलं तिथे नव्या टीबीचं प्रमाणही सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. केंद्राची नि-क्षय पोषण योजना २०१८ पासून टीबीच्या रुग्णाला महिन्याला ५०० रुपये देत होती, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. आता याचा अर्थ नागपूरच्या रुग्णासाठी काय होतो पाहा. निदान टीबीचं होतं तोवर त्याच्या खात्यात पोषणाचे पैसे येत होते. निदान बदलून कर्करोग झालं, रोग अधिक खाणारा झाला आणि पैसे थांबले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं, भरती असतानाचं जेवणही बसतं. भरतीच्या आधीचे तीन आठवडे कुठेच बसत नाहीत.

आकड्यांचं एक मोजमाप सांगून ठेवतो, पुढे प्रकरणांत त्याचा वारंवार उल्लेख आहे. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने, एस्पेनने, शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यांत गंभीर धोक्याच्या खुणा अशा आहेत: सहा महिन्यांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक वजन घटणं, बीएमआय १८.५ हून कमी असणं, किंवा यकृत-मूत्रपिंडं ठीक असताना रक्तातलं अल्ब्युमिन डेसिलिटरमागे ३ ग्रॅमच्या खाली जाणं. यांतली एक जरी खूण दिसली तरी मोठ्या ऑपरेशनआधी ७ ते १४ दिवस पोषणाचा उपचार करावा, कर्करोगाचं ऑपरेशन त्यासाठी पुढे ढकलावं लागलं तरी, असं ते सांगतात. आपला ५२ वरून ४४ वर आलेला माणूस १५ टक्के खाली आहे. नातेवाइकांना 'तारीख पुढे ढकलली' हे वाक्य ऐकवत नाही, त्यांना वाटतं रोग तेवढ्यात पसरेल. दोन आठवड्यांची ती भीती बहुतेक वेळा अवास्तव असते. मात्र दोन आठवडे ढकलून त्यात काहीच केलं नाही तर नातेवाइकांचाच मुद्दा बरोबर ठरतो.

एक गोष्ट मात्र युरोपच्या तक्त्यात दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मधुमेहाच्या संदर्भात ते चित्र जगभर गाजलं. शल्यचिकित्सेच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की आपल्या माणसाचा बीएमआय ठीक दिसत असला तरी त्यात स्नायू थोडे असू शकतात. पोट सुटलेला, हातपाय काडीसारखे झालेला नागपूरचा निवृत्त कारकून वजनकाट्यावर पास होतो आणि स्पायरोवर नापास. म्हणून काट्याबरोबर मुठीची पकड पाहा, खुर्चीतून हात न टेकवता उठता येतं का पाहा, जिने किती चढतो ते विचारा.

प्रथिनं किती हवीत? दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. ४४ किलोच्या माणसाला ६५ ग्रॅमच्या आसपास. आता घरात काय चाललेलं असतं ते पाहू. निदान कळल्या दिवसापासून पथ्य सुरू होतं. दूध कफ करतं म्हणून बंद, दही थंड म्हणून बंद, अंडी-मटण उष्ण म्हणून बंद, साखर कॅन्सरला खाऊ घालते असा व्हॉट्सॲपवर निरोप आलेला म्हणून तीही बंद. श्रावण असेल तर प्रश्नच मिटला. उरतं काय? डाळीचं पाणी, तांदळाची पेज, साबुदाणा आणि पाहुण्यांनी आणलेली संत्री. संत्री आमच्या नागपूरची शान, त्यांना नावं ठेवण्याची माझी छाती नाही. पण एका संत्र्यात प्रथिनं असतात जेमतेम एक ग्रॅम. डाळीच्या पाण्यात डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि ती घरातला धडधाकट माणूस खातो. ताकदीसाठी गावातल्या डॉक्टरकडून सलाइन लावून आणतात. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटरच्या बाटलीत शंभराच्याही आत कॅलरी असतात, एका ज्वारीच्या भाकरीत याहून कितीतरी अधिक. अल्ब्युमिनच्या महागड्या बाटलीचंही तेच. ती चढवली की रिपोर्टमधला आकडा वर जातो, दंडावर मांस चढत नाही.

६५ ग्रॅम ही काही श्रीमंतांची गोष्ट नव्हे. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या घट्ट वरण, तीन भाकरी किंवा पोळ्या आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यात ते बसतात. अंडं चालत नसेल तर झुणका आहे, पातोडीची भाजी आहे, फुटाण्याचं पीठ दुधात कालवून देता येतं. गोंदिया-भंडाऱ्यात तलावाची मासळी आहे. आणि सोयाबीन. विदर्भात नजर जाईल तिथवर सोयाबीन उभं असतं, ते तेलाच्या गिरणीत जातं, पेंड जनावरांच्या खाद्याला जाते आणि पिकवणाऱ्याच्या घरात सोयावडीची भाजी महिन्यातून एकदा झाली तर झाली. कोरड्या सोयावडीत निम्मं वजन प्रथिनांचं असतं. तीस ग्रॅम वड्या म्हणजे दोन अंड्यांहून जास्त. डब्यातल्या पावडरींना माझा विरोध नाही, जिथे तोंडाने जेवण जातच नाही तिथे त्या लागतात. पण एका डब्याच्या पैशांत आठवड्याची अंडी आणि दूध येत असताना, फक्त डबा हाच उपचार आहे असा समज दवाखान्यातून घेऊन माणूस घरी जाऊ नये.

खाता येणं ही आणखी वेगळी अडचण. फुफ्फुसाच्या रुग्णाला खर्ऱ्याचीही सवय असते, तेव्हा तोंड तीन बोटं उघडायच्या जागी दीड बोट उघडतं, गाल आतून चिवट झालेले, तिखटाने आग होते. भाकरी चावत नाही, घास उलटापालटा होत नाही. भूल देणारे डॉक्टर हे तोंड पाहून काळजीत पडतात कारण श्वासाची नळी घालायची कशी. पण हेच तोंड गेली दोन वर्षं माणसाला पोटभर जेवू देत नव्हतं, हे लक्षात येत नाही. अशांना शिरा, दुधात कुस्करलेली पोळी, मऊ खिचडीवर तूप, बारीक केलेलं अंडं, थोडं थोडं पण दिवसातून सहा वेळा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी कुणालाच जेवण जात नाही. मुख्य जेवण सकाळी नऊच्या आत आणि रात्री ठेवावं, मधे आंबील-ताक. बिडी सोडली की दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच जणांची चव परत येते. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे धूम्रपान बंद हवं, असं सर्जन सांगतात ते फुफ्फुसासाठी. भुकेसाठीही ते तितकंच खरं आहे.

सर्वांत चीड येते ती उपाशी ठेवण्याची. पेट स्कॅनला चार-सहा तास उपाशी, ब्रॉन्कोस्कोपीला उपाशी, बायोप्सीला उपाशी, साखर तपासायला उपाशी. गडचिरोलीहून पहाटेच्या एसटीने निघालेला माणूस आदल्या रात्री आठला जेवलेला असतो. दुपारी दोनला नंबर लागतो, मशीन बंद पडलं तर 'उद्या या, उपाशी या'. प्रत्येक तपासणी एक-दोन जेवणं खाऊन जाते आणि चार आठवड्यांत अशा पाच-सहा तपासण्या होतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारापासून पाणीही बंद हा नियम अजून अनेक ठिकाणी सवयीने चालतो. २०१९ ची युरोपातल्या वक्षशल्यतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं भुलेच्या सहा तास आधीपर्यंत घन आहार आणि दोन तास आधीपर्यंत पाणी, बिनदुधाचा चहा यांसारखे पातळ पदार्थ घेऊ देतात. पोट उशिरा रिकामं होणाऱ्या रुग्णांचा अपवाद सोडून. नातेवाइकांनी हे स्वतःच्या मनाने करू नये, पण भूलतज्ज्ञांना विचारायला काहीच हरकत नाही.

ऑपरेशन झाल्यावरही असाच एक गैरसमज पाठ सोडत नाही. टाके आहेत, म्हणून हलकं द्यायचं, म्हणून चार दिवस पेज. पोटाच्या ऑपरेशनात या काळजीला काही आधार असेल. इथे आतड्याला हात लागलेला नसतो. शुद्ध नीट आली आणि गिळताना ठसका लागत नसेल तर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी माणूस जेवू शकतो. नळीतून दुधासारखा पांढरा द्रव येऊ लागला तरच स्निग्ध पदार्थ तात्पुरते बंद करावे लागतात आणि ते डॉक्टर सांगतात. एरवी दुखणं आटोक्यात, पोट साफ आणि ताटात वरण घट्ट.

खाऊ घालण्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. कर्करोगाने शरीर खंगतं तेव्हा आत एक दाह पेटलेला असतो. खाल्लेल्या अन्नाचा स्नायू व्हायचा तो होत नाही. या खंगण्याला केवळ जेवण पुरेसं पडत नाही. चालणं, श्वासाचे व्यायाम आणि मूळ रोगाचा उपचार, सगळं बरोबर लागतं. गेलेले आठ किलो दोन आठवड्यांत परत येणार नाहीत. घसरण थांबली, माणूस एक जिना जास्त चढू लागला, तरी सर्जनच्या हातात काही तरी आलं. उलट टोकाची सूचना: जो आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच जेवलेला नाही त्याला एकदम भरपूर खाऊ घालू नये. रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन खाली जाऊन हृदयाला धोका होतो. अशा माणसाला भरती करून हळूहळू वाढवावं लागतं. आणि जेवत नाही म्हणून रुग्णावर ओरडणाऱ्या घरच्यांना एक विनंती. त्याची इच्छा मेलेली असते ती रोगामुळे. हट्ट म्हणून तो ताट सारत नाही.

राहता राहिला प्रश्न, हे करायचं कुणी? मोठ्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात, पण त्यांच्याकडे चिठ्ठी जाते ती बहुधा मधुमेह असला तर. छातीच्या ऑपरेशनच्या प्रत्येक रुग्णाचं नाव निदानाच्या दिवशीच त्यांच्याकडे गेलं पाहिजे. बाहेर, मुक्कामाच्या धर्मशाळेत, स्टोव्हवर शिजवणारी बहुधा बायको किंवा सून असते. ही पुस्तिका खरी तिच्यासाठी आहे. शिवभोजन थाळी दहा रुपयांत मिळते, दोन पोळ्या, भाजी, भात आणि वरण. बाहेरगावच्या माणसाला तिचा मोठा आधार. तिच्यासोबत दोन उकडलेली अंडी आणि ग्लासभर दूध घेतलं की ती थाळी रुग्णाची होते. गावी परतल्यावर आशाताईंनी महिन्यातून दोनदा वजन केलं तर पुढच्या तपासणीला तो आकडा घेऊन येता येईल.

पुस्तिकेतली मापं सगळी घरातल्या वाटीची, चमच्याची आणि मुठीची आहेत. वाटी म्हणजे १५० मिलीची, जेवणाच्या ताटात असते ती. भाव छापलेले नाहीत, कारण पुस्तक छापून होईतो ते बदलतील. शेवटच्या पानावर वजनाचा तक्ता कोरा ठेवला आहे. पहिल्या ओळीत आजचं वजन लिहावं, आणि टीबीचं जुनं कार्ड सापडलं तर त्यावरचं वजन तारखेसकट त्याच्या वर.